पान्हा आणि मस्टर

आमच्या वस्तीत बायांना शिकवायला एक पथक आलं होतं. भिंतीला तक्ता टांगला. तक्त्यावर गोरीपान आई, गुबगुबीत पोर. बाई म्हणाल्या, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाण्याचा थेंबसुद्धा नको.

माझी बहीण पुढंच बसलेली. कंत्राटात झाडू मारते. बाळंतपणाच्या चाळिसाव्या दिवशी कामावर गेली. खाडा म्हणजे रोज बुडाला. तिनं विचारलं, "बाई, पहाटे सहाला मी रस्त्यावर. पोर घरी. पान्हा फुटतो तो झंपरात जिरतो. पाजू कधी?"

बाईंनी तक्ता गुंडाळला.

दोस्तहो, बाई खोटं बोलत नव्हत्या. गोदीत गोणी उचलणारा मी मॅट्रिक माणूस, मलाही ते पटतं. जन्मल्यावर पहिल्या तासात पोराला अंगावर घ्यावं. पिवळा चीक फेकू नये. सहा महिन्यांनी मऊ वरणभात, अंडं, भाजी सुरू करावी; दोन वर्षं अंगावरही पाजावं. डबा महिनाभर पुरवायला पावडर पातळ केली, न उकळलेलं पाणी बाटलीत घातलं, की पोराला हगवण लागते. चहात बुडवलेलं बिस्कीट म्हणजे जेवण नव्हे. हे दारोदार सांगितलंच पाहिजे.

पण नुसत्या आईलाच का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते २३ महिन्यांच्या शंभर पोरांत पुरेसा आहार मिळणारी जेमतेम अकरा निघाली. मग उरलेल्या एकोणनव्वद जणींच्या आया अडाणी? की कंगाल?

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब कामकरी बायांच्या बाळंतपणाच्या हक्कासाठी बोलले. १९२९ साली कायदा झाला. २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. मूल १५ महिन्यांचं होईस्तोवर कामावर पाजायला दोन सुट्ट्या, हेही कायद्यातच आहे. पण बहिणीचं नाव मस्टरवर कधी असतं, कधी नसतं. जवळजवळ शंभर वर्षं झाली, हक्क अजून मुकादमाच्या चौकीबाहेर उभा आहे.

आणि आपण? मोर्च्यात घसा फोडायचा, घरी येऊन बसल्या जागी ताट मागायचं. अंडं आपल्या ताटात, नुसता रस्सा बाळंतिणीच्या. ते अंडं मीही खाल्लंय. लाज वाटते म्हणून लिहितोय.

पुढच्या वेळी पथक आलं की पुढं आपण पोरं बसू. मग तोच तक्ता घेऊन मुकादमाच्या चौकीवर जाऊ. रजा द्या, पाळणाघर द्या, पाजायला वेळ द्या. मग खुशाल आईला शिकवा.