टास्क मॅनेजरची हरवलेली चौकट

संगणकावर चाललेल्या कामांची हजेरी घेणारे, हुकूम न मानणाऱ्या प्रोग्रामला बडतर्फ करणारे आणि मेमरीचा हिशेब क्षणोक्षणी मांडणारे टास्क मॅनेजर हे साधन विंडोजमध्ये १९९६ च्या एनटी ४.० या आवृत्तीपासून आहे. डेव्ह प्लमर यांनी ते प्रथम घरी, फावल्या वेळात रचले होते. विंडोज एक्सपीच्या काळात या साधनाविषयी एक तक्रार वारंवार कानी येई, ती अशी की शीर्षकपट्टी, मेनू, टॅब आणि खिडकी बंद करण्याची फुली हे सारेच एकाएकी अंतर्धान पावले असून करड्या कडेच्या आत कामांची यादी तेवढी उरली आहे, आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी दृश्य तेच राहते.

संशय अर्थातच व्हायरसवर जाई. तो अगदीच अस्थानी होता असेही म्हणवत नाही, कारण त्या काळचे कित्येक व्हायरस रजिस्ट्रीतील एक नोंद फिरवून टास्क मॅनेजर प्रशासकाने बंद केल्याचे फर्मान पडद्यावर झळकवीत. पण ज्याला आपले नाव लपवायचे आहे तो नावांची यादीच शाबूत ठेवून केवळ चौकट कशाला पळवील, एवढा विचार केला असता तरी बिघाड कारभारात नसून दर्शनात आहे हे उमगले असते.

वस्तुतः तो बिघाडही नव्हता. साधन थोडक्या जागेत सतत डोळ्यांसमोर राहावे म्हणून कडेच्या रिकाम्या भागावर डबल-क्लिक केल्यास चौकट लुप्त व्हावी, अशी ती बुद्धिपुरस्सर केलेली तजवीज होती. निवड जतन होत असल्यामुळे संगणक पुन्हा चालू करून काही साधत नसे, आणि त्याच कडेवर पुन्हा डबल-क्लिक केले की सर्व पूर्ववत होई. त्याही पलीकडचा इलाज म्हणजे कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट या तिन्ही कळा दाबून ठेवून टास्क मॅनेजर उघडणे, म्हणजे त्याच्या साऱ्या आवडीनिवडी पुसल्या जात.

रचनाकाराचा हेतू निर्मळ होता, परंतु नकळत होऊ शकणाऱ्या कृतीने मार्ग झाकायचा आणि परतीची खूण मात्र पडद्यावर कोठेच ठेवायची नाही, या हलगर्जीचे माप वापरणाऱ्याच्या पदरात घालणे मला अन्याय्य वाटते. त्यात आपल्याकडील दुरुस्तीचा सर्वमान्य मंत्र म्हणजे 'फॉरमॅट मारा'. या मंत्राची खरी गोम अशी की तो लागू पडतो: सारे पुसून विंडोज नव्याने घातल्यावर चौकट परत येतेच, मग निदान मुळातच चुकले होते हे दुकानदाराला कळत नाही आणि छायाचित्रे व कागदपत्रे गमावलेल्या गिऱ्हाईकालाही कळत नाही, उलट मजुरी देऊन तो आभार मानतो.

टास्क मॅनेजरच्या कामांच्या यादीत 'सिस्टिम आयडल प्रोसेस' या नावापुढे ९९ चा आकडा पाहून हाच संगणक खातो आहे असा निष्कर्ष काढणारे सुशिक्षितही थोडे नव्हते. वास्तविक तो आकडा प्रोसेसर रिकामा असल्याची ग्वाही देत असतो. लिनक्समधील 'टॉप' तर एका कामापुढे शंभराहून अधिक टक्के दाखवू शकतो, कारण तो प्रत्येक कोअरचे शंभर टक्के निराळे धरतो. संगणक शिकविणाऱ्या वर्गांतून खिडकी उघडण्या-मिटण्याचे धडे पुष्कळ दिले जातात. पडद्यावर दिसणारा आकडा कशाचा, हे तेथे क्वचितच सांगितले जाते.

२०१२ च्या विंडोज ८ मध्ये टास्क मॅनेजर नव्याने रचताना संक्षिप्त रूपाच्या तळाशी 'अधिक तपशील' हे बटण ठेवण्यात आले. ते शहाणपण मात्र सर्वत्र पोहोचले नाही: त्याच आवृत्तीत कामगिरीच्या आलेखावर डबल-क्लिक केले की पुन्हा टॅब गडप, आणि परतण्याचा मार्ग राइट-क्लिकच्या मेनूत दडवलेला. एका बटणापुरती जागा तेथेही सहज निघाली असती.