‘प्रबोधनपर’ म्हणून बाजूला काढू नका

सुषमा देशपांडे यांच्या नाटकांसाठी आपल्याकडे एक शब्द ठरून गेला आहे: ‘प्रबोधनपर’. ऐकायला कौतुकाचा. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की, काम चांगलं आहे, पण हे खरं नाटक नव्हे. मला हे अजिबात मान्य नाही.

१९८९ साली त्यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ लिहिलं, बसवलं आणि एकटीने उभं केलं. सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक समोर बसलेल्या बायांशी थेट बोलू लागते. हे नाटक, कथाकथन की इतिहासाचा तास? तिन्ही. १९९५ साली ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ आलं. त्यात लावणी आहे, पण शिट्टी मारायला आलेल्याला आधी नाचणारीचं आयुष्य ऐकून घ्यावं लागतं. ‘बया दार उघड’मध्ये संत स्त्रिया आल्या. आणि २०१७ च्या ‘अज्जी’ या चित्रपटात नातीवरच्या अत्याचाराचा सूड घेणारी म्हातारी त्यांनीच केली.

आता सांगलीचं बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे ‘सीता स्वयंवर’ केलं, म्हणून ही नाट्यपंढरी. (त्या खेळातली सीताही पुरुषच होता, हे भाषणात कुणी सांगत नाही.) त्याच सांगलीतल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांबरोबर सुषमाताई आणि दिव्या भाटिया यांनी नाटक बसवलं. आई, घरवाली, मालक आणि मालकाची बायको, सगळं त्यांच्या जगण्यातलं, आणि रंगमंचावरही त्याच. कुणी त्यांच्या वतीने रडलं नाही. नाट्यपंढरीच्या इतिहासात या प्रयोगाला किती ओळी मिळतात?

पोलंडच्या आग्निएश्का स्मोचिन्स्का यांनी २०१५ साली जलपऱ्यांवर गाण्यांचा भयपट केला. त्याला सनडान्स महोत्सवात पुरस्कार मिळाला, प्रकारांची सरमिसळ हेच त्याचं वैशिष्ट्य ठरलं. तिकडे ती कलावंताची हिंमत. इकडे बाईने तेच केलं की प्रचार!

यात आपली चळवळही मागे नाही. आमच्या गटातली एक मैत्रीण एकपात्री करते. ३ जानेवारीच्या कार्यक्रमाला बोलावणाऱ्या मंडळाने तिला विचारलं, “एकटीच तर आहात, मानधन कशाला? आणि सत्कार आहेत, तेव्हा वीस मिनिटांत आटपा.” पाहुण्यांच्या हारांना पैसे होते. मांडव, माइक, जेवण, सगळ्याला होते. तिची एस.टी.ची तिकिटंसुद्धा तिनेच काढली.

यंदा बोलावणार असाल तर पूर्ण प्रयोग ठेवा, मानधन आधी ठरवा, आणि सत्कार नंतर घ्या.