आजेसासूबाईंच्या डब्यांतले हाली रुपये

नांदेडहून एका भगिनींचें सविस्तर पत्र आलें आहे. नांव छापूं नये अशी त्यांची विनंति आहे, ती अर्थातच मान्य. पत्राचा सारांश असा : त्यांच्या आजेसासूबाईंचा एक पितळी डबा लातूरच्या घरीं देवघराच्या फडताळांत असतो. त्यांत त्रेचाळीस रुपये आहेत. एकोणतीस हाली आणि चौदा कलदार. दरवर्षीं लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं डबा उघडतात, रुपये चिंचेनें घांसून लखलखीत करतात, पंचामृतानें न्हाऊं घालतात, आणि दुसऱ्या दिवशीं डबा पुन्हा आपल्या जागीं जातो. सासूबाई अजून आहेत, त्र्याऐंशीच्या. किल्ली त्यांच्या कनवटीला.

यंदा लातूरच्या धाकट्या भाऊजींच्या कन्येला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला घालावयाचें आहे, आणि शिकवणीची फी किती असते हें लातूरकरांना सांगावयास नको. भाऊजींचें म्हणणें, रुपये सराफाकडे नेऊन आटवावे. पुण्याचा पुतण्या म्हणतो, आटवाल तर मूर्ख ठराल. नाणीं अमेरिकेस पाठवून त्यांवर प्रमाणपत्र घ्यावें आणि इंटरनेटवर विकावीं, एकेकाचे लाख येतील. सासूबाई कांहींच बोलत नाहींत, पण त्या दिवसापासून त्या डबा उशाशीं घेऊन निजतात. आमच्या पत्रलेखिकेचे यजमान घरांत थोरले, तेव्हां सर्वांचीं तोंडें त्यांच्याकडे. "त्यांनीं काय सांगावें?" असा प्रश्न आहे.

प्रश्न डब्याचा आहे तसाच घराचाहि आहे. आधीं डब्याकडे पाहूं.

नांदेड आणि लातूर हीं दोन्हीं गांवें १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतीं, आणि त्या राज्याचें स्वतःचें नाणें होतें. हाली म्हणजे चालू. इंग्रजी रुपयास आमच्याकडचीं वडील माणसें कलदार म्हणत, कां तर तो कळेवर, म्हणजे यंत्रावर, पाडलेला. पुढें हालीहि यंत्रावरच पडूं लागला. १९०३ सालीं हैदराबादेस सैफाबाद येथें नवी टांकसाळ झाली, आणि त्यानंतर लौकरच एका बाजूस चारमिनाराचें चित्र असलेला तो देखणा रुपया निघाला. लातूरचा आडत्या बार्शी लाईट रेल्वेनें बार्शीस उतरला कीं तो इंग्रजी मुलखांत येई, आणि तेथें त्याच्या कनवटीच्या हालीला बट्टा बसे. शंभर कलदारांस एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, हा भाव आजहि कांहीं वृद्धांना तोंडपाठ आहे.

हा भाव कोणा अधिकाऱ्याच्या लहरीचा नव्हता. कलदाराचें वजन ११.६६ ग्रॅम, त्यांत चांदी बारांत अकरा भाग. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. हालीचें वजन ११.१७८ ग्रॅम, त्यांत हजारीं ८१८ भाग चांदी, म्हणजे ९.१४ ग्रॅम. या दोन आंकड्यांचें प्रमाण काढून पाहावें, जवळजवळ सातास सहा येतें. आणि वरचा भाव म्हणजेहि सात हालीस सहा कलदार! दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत दोन्हीं नाण्यांतील चांदी निम्म्यावर आली. पुढें १९५१ पासून हालीची जागा भारतीय रुपयानें घेतली, आणि १९५९ सालीं हाली सर्वस्वीं बंद झाला.

पत्रांत हाली रुपयांवरील सन हिजरी १३२३ ते १३३७ असे दिले आहेत, म्हणजे इसवी १९०५ ते १९१९ च्या आंतले. कलदारहि सर्व युद्धापूर्वींचे. तेव्हां डब्यांत एकंदर शुद्ध चांदी सुमारें ४१५ ग्रॅम. भाऊजींच्या सराफाकडून फार तर तेवढ्याचे पैसे येतील, त्यांतूनहि घट वजा. ही झाली तळची किंमत. आतां पुतण्याचे लाख.

नाण्याची पारख तिऱ्हाइतानें करावी ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. गांवोगांवचा पोतदार हेंच करीत असे. रयत सारा भरी, सरकार तो घेई, आणि मध्यें बसून पोतदार प्रत्येक रुपया वाजवी, कसास लावी, खोटा असेल तो बाजूस सारी. त्याचा शब्द दोघांनाहि मान्य. आज पोतदार हें आडनांव तेवढें उरलें आहे, आणि काम अमेरिकेंतल्या कंपन्या करूं लागल्या आहेत. त्यांत दोन मुख्य : १९८६ सालीं सुरू झालेली प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस आणि तिच्या मागून १९८७ सालीं निघालेली, हल्लीं न्युमिस्मॅटिक गॅरंटी कंपनी या नांवानें ओळखली जाणारी दुसरी. नाणें त्यांच्याकडे गेलें कीं एकाहून अधिक पारखी तें स्वतंत्रपणें पाहतात, अस्सल कीं नकली तें ठरवितात, आणि मग एक ते सत्तर यांमधील एक अंक देऊन तें पारदर्शक, कडक डबींत कायमचें बंद करतात. डबीवर क्रमांक असतो. तो कंपनीच्या नोंदींत कोणासहि पाहतां येतो.

सत्तरच कां, शंभर कां नाहींत? त्याची कथा मौजेची आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञास जुन्या तांब्याच्या सेंटांचा नाद होता. १७९४ चा अगदीं झिजलेला सेंट एक डॉलरला जात असेल तर उत्तमांतला उत्तम सत्तरला जातो, असा अंदाज बांधून त्यानें १९४९ सालीं हें माप मांडलें. बाजारभाव कधींच पालटले, पण माप राहिलें. आणि याच गृहस्थानें न्यूयॉर्कच्या नाणकसंस्थेच्या संग्रहांतील चांगले सेंट काढून घेऊन त्यांच्या जागीं हलके ठेविले होते, हें त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आलें! मापें करणाऱ्यावर विसंबावें, पण वखारीची किल्ली त्याच्याकडे देऊं नये.

असो. साठ ते सत्तर हे अंक चलनांत कधींच न फिरलेल्या नाण्यांचे. सत्तर म्हणजे पांचपट मोठें करून पाहिलें तरी टांकसाळीनंतरचा एक ओरखडा दिसूं नये. पन्नासापासून साठापर्यंत किंचित् झीज. चाळिशींत चित्रांतील उंचवटे थोडे बोथट. विसांत तपशील बराच पुसट, पण अक्षरें स्वच्छ. पारखी झीज पाहतात, ठसा कितपत खोल उठला तें पाहतात, आणि सर्वांत बारकाईनें पाहतात ती नाण्याच्या पृष्ठावरची मूळची चमक. साच्याच्या दाबाखालीं धातु बाहेरच्या बाजूस वाहते, त्या वाहण्याच्या सूक्ष्म रेषांवर उजेड फिरतो. नाणें हातांत वळविलें कीं चक्रासारखी झळाळी फिरते ती हीच.

आणि हीच चमक चिंचेनें जाते. आंबटानें काळिमा निघतो, त्याबरोबर वरचा पातळ थरहि निघतो. राखेनें वा चूर्णानें घांसलें तर बारीक चरे उठतात. नाणें आपल्या डोळ्यांना नवें दिसतें, आणि पारख्याला तें सोलल्यासारखें दिसतें. अशा नाण्याला कंपनी अंकच देत नाहीं. डबीवर 'साफ केलेलें' असा शेरा येतो आणि किंमत उतरते. पन्नास-साठ दिवाळ्यांचें घांसणें झालेल्या त्या त्रेचाळीस रुपयांपैकीं बहुतेकांचें भविष्य हें आहे. हें लिहितांना आम्हांला वाईट वाटतें. पण ज्या हातांनीं तीं नाणीं घांसलीं त्यांनीं तीं विकण्यासाठीं घांसलीं नव्हतीं. वर्षानुवर्षें त्या रुपयांनीं केलेलें काम दुसरेंच होतें, आणि त्यांत ते कोठेंहि कमी पडले नाहींत.

पुतण्याच्या बेतांतली मोठी अडचण मात्र चिंचेची नाहीं, कायद्याची आहे. प्राचीन वस्तूंसंबंधींच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें ही प्राचीन वस्तु ठरते, आणि अशी वस्तु खाजगी माणसानें देशाबाहेर पाठविणें हा गुन्हा आहे. डब्यांतले सगळेच रुपये शंभरी ओलांडलेले. 'परीक्षेसाठीं पाठवितों, परत येईल' ही सबब टपालांत चालत नाहीं. देशांतल्या देशांत घरचें नाणें विकणें वेगळें. परंतु अशा वस्तूंचा धंदाच करावयाचा तर त्यासहि परवाना लागतो. म्हणून विकावयाचेंच झालें, तर मुंबई-पुण्याच्या परवानाधारक लिलाववाल्यांकडे नाणें नेऊन दाखवावें. तेथें जाणते लोक असतात, आणि साधा हाली पाहून ते लाखांची गोष्ट काढीत नाहींत, ही त्यांच्या जाणतेपणाची पहिली खूण.

मग इंटरनेटवर प्रमाणित नाणीं घेऊं-विकूंच नयेत काय? तसें नाहीं. सात समुद्रांपलीकडच्या अनोळखी माणसांत व्यवहार जमतो तो त्या तिऱ्हाइताच्या अंकावरच, आणि ती मोठी सोय आहे. पण डबीहि नकली निघते. आमचाच अनुभव सांगतों. तीन वर्षांपूर्वीं एका विक्रेत्याकडून आम्हीं बंद डबींतला एक व्हिक्टोरिया रुपया मागविला. डबी झकास, क्रमांकहि खरा. नोंदींत पाहिलें तर त्या क्रमांकाखालीं छायाचित्र होतें, पण त्यांतल्या राणीच्या गालावर एक डाग होता आणि आमची राणी निष्कलंक! पैसे परत मिळाले नाहींत. क्रमांक घेण्यापूर्वीं पाहावयाचा असतो, घेतल्यानंतर नव्हे, एवढें मात्र शिकलों.

भाऊजींविषयीं पत्रांत एक ओळ ओझरती आली आहे, ती आम्ही मुद्दाम पुढें ओढतों. वैष्णोदेवीचें चित्र असलेल्या पांच रुपयांच्या नाण्यास लाखों मिळतात अशी जाहिरात पाहून त्यांनीं गेल्या वर्षीं कोणास तरी 'नोंदणी' आणि 'कर' म्हणून साडेतीन हजार रुपये पाठविले, ते बुडाले. तें नाणें अलीकडचें, भरपूर पाडलेलें, आणि बाजारांत तें पांच रुपयांचेंच आहे. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें स्पष्ट कळविलें आहे कीं जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांत बँक पडत नाहीं, आणि तिच्या नांवानें शुल्क मागणारे लोक ठक आहेत. नाणें घेणारा आपणांस पैसे देतो. तो आधीं आपल्याकडे मागूं लागला कीं बोलणें तेथेंच थांबवावें. पैसे 'येण्यासाठीं' मोबाईलवर गुप्त आंकडा घालावयास सांगितला तरीहि तेंच. तो आंकडा पैसे जाण्यासाठीं असतो. भाऊजींना ही गोष्ट चारचौघांत ऐकवूं नये. लेकीच्या फीसाठीं ते धांवाधांव करीत आहेत, आणि सराफाची घाई त्याच लाजेंतून आली असावी असें आम्हांस वाटतें.

आतां यजमानांनीं काय सांगावें? प्रथम हें कीं डबा कोणाचा? आजेसासूबाईंनीं तो सुनेच्या हातीं दिला असेल, तर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या १४ व्या कलमानें तो सासूबाईंच्या पूर्ण मालकीचा. मुलांची वाटणी तेथें येतच नाहीं. तेव्हां तिघां भावांनीं आपसांत ठराव करण्यापूर्वीं आईस विचारावें. आणि विचारतांना डबा मागूं नये, नातीच्या शिकवणीची अडचण सांगावी. आमची अटकळ अशी कीं ती अडचण त्यांना अजून कोणी नीटशी सांगितलेलीच नाहीं.

दुसरें, त्या दिवसाच्या चांदीच्या भावानें ४१५ ग्रॅमची किंमत काढावी. तेवढी रक्कम नांदेडच्या आणि पुण्याच्या घरांनीं मिळून भाऊजींना द्यावी, सरळ, नातीच्या नांवानें. घटीची तूट नाहीं, लिलाववाल्याचें कमिशन नाहीं, आणि डबा फडताळांत राहतो. फी पुरती भागणार नाहीं. पण ती रुपये आटवूनहि भागली नसती. उरलेलें काय करावयाचें हा मिळकतीच्या माणसांनीं बसून ठरविण्याचा प्रश्न आहे, देवघराचा नाहीं.

तरी विकण्यापूर्वीं असो वा न विकतां असो, प्रत्येक रुपया एकदां निरखून पाहावा. कलदारांत १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया आहे काय? त्याच्या झग्यावरील पदकांतला हत्ती डुकरासारखा दिसतो असा गवगवा झाल्यामुळें तो परत घेऊन आटविला गेला, आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट करून नवे रुपये पाडले. हाली रुपयांवर चारमिनाराच्या मधल्या कमानींत एक अक्षर असतें : महबूब अली खानाच्या रुपयांवर मीम, उस्मान अली खानाच्या रुपयांवर ऐन. उस्मान अलीच्या अगदीं आरंभींच्या रुपयांवर तो ऐन अर्धाच उमटविलेला आहे, पुढें पुरा. अर्ध्या ऐनाचा रुपया संग्राहक मुद्दाम शोधतात.

पत्रासोबत मोबाईलवर आलेल्या छायाचित्रांपैकीं सातव्यांत हिजरी १३३० चा एक रुपया आहे. कमानीवर नेमका दिव्याचा झोत पडल्यामुळें अक्षर दिसत नाहीं. तो यंदा चिंचेला लावूं नये. सकाळच्या उजेडांत खिडकीपाशीं कडेनें धरून पुन्हा टिपावा आणि पाठवावा. सासूबाईंच्या हातांत असतांनाच टिपलात तर फारच उत्तम.