रँक विचारणाऱ्यांनो, आधी तुमचा हिशेब द्या



मी मुंबईच्या गोदीत पाठीवर गोण्या वाहतो. शिक्षण मॅट्रिक. सुट्टीला खराडीत आईकडं येतो. काचेच्या टॉवरांच्या मागं आमची एक खोली. ह्या खोलीत आजवर डॉक्टर एकच होता. भिंतीवर, फोटोत, निळ्या कोटातला.

मग माझ्या धाकट्या बहिणीचा एमबीबीएसला नंबर लागला. आईनं अख्ख्या वस्तीत पेढे वाटले. परवा दिवाळीला बहीण घरी आली, पण बॅगेतून पुस्तक काही निघेना. रात्री हळूच म्हणाली, "दादा, तिथं पहिला सवाल रँकचा. रँक सांगितली की पुढं कुणी बोलत नाही. मी ताट घेऊन बसले की टेबल रिकामं होतं. तोंडी परीक्षेत सरांनी आडनाव दोनदा विचारलं. मी आडनाव बदलून घेऊ का?"

कॉलेजचं नाव इथं छापत नाही. तिला अजून त्याच वॉर्डात उभं राहायचंय.

नाव नसलं तरी रोग ओळखीचा आहे. २२ मे २०१९. मुंबईचं नायर हॉस्पिटल, टोपीवाला मेडिकल कॉलेज. जळगावकडची आदिवासी पोर, डॉ. पायल तडवी, बायकांच्या आजारांचं पुढचं शिक्षण घेत होती. तिनं जीव दिला. जातीवरून, राखीव जागेवरून छळल्याच्या आरोपाखाली तीन सीनियर डॉक्टरणींवर गुन्हा दाखल झाला, अटक झाली. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा. दोन्ही कायदे कपाटात होते. पायल वॉर्डात होती.

दिल्लीच्या एम्समध्ये तरी वेगळं काय? तिथल्या जातिभेदाची चौकशी सुखदेव थोरातांच्या समितीनं केली. २००७ साली अहवाल दिला. देशातल्या पहिल्या नंबरच्या हॉस्पिटलात दलित-आदिवासी पोरं वसतिगृहात त्रासाला कंटाळून ठराविक मजल्यांवर गोळा झालेली. वस्तीतून निघाली नि पुन्हा वस्तीतच पोचली!

म्हणून सांगतो, प्रवेश दिला म्हणजे जागा दिली असं होत नाही. गेटवर बाबासाहेबांची घटना आहे. गेटच्या आत सीनियरचा नि प्रोफेसरचा कायदा.

गोदीत नवा गडी आला की टोळीतला जुना हमाल त्याला गोणी पाठीवर कशी घ्यायची ते दाखवतो. नाही दाखवलं तर पाठ मोडते. मग म्हणायला मोकळे, गडी कच्चा होता! तुमच्या ऑपरेशन थेटरात हेच चालतं. केस कुणाला द्यायची, सुरी कुणाच्या हातात द्यायची, हे वरचा ठरवतो. आमच्या पोरीला कोपऱ्यात उभी करता, कागद भरायला लावता. आणि वर्षाअखेर म्हणता, कोट्यातल्यांना हात नसतो. अरे, हात आहे! शवागारात बघा. तिथं प्रेत उघडणारे हात बहुतेक आमच्याच वस्तीतले असतात. रिपोर्टवर सही तेवढी तुमची.

आता मेरिटचं बोलू. २०२३ साली नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. सगळ्यांसाठी. का, तर जागा रिकाम्या राहत होत्या. तेव्हा मेरिटवाले मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर का नाही आले? खाजगी कॉलेजात एनआरआय कोट्यातून बापाच्या पैशावर शिरलेल्या पोराला रँक कोण विचारतं? आणि एमबीबीएस पास व्हायला माझ्या बहिणीला वेगळा पेपर नाही. पासाचे मार्क सगळ्यांना सारखेच.

अमेरिकेतही दर्जाच्याच नावानं सुरी चालली. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालात काळ्यांची सात मेडिकल कॉलेजं होती. त्यातली पाच बंद पडली. हॉवर्ड नि मेहॅरी उरली. साठ वर्षांनी ब्लॅक पँथरांनी वस्त्यावस्त्यांत फुकट दवाखाने काढले. त्यांचंच नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिकडं कातडी, इकडं आडनाव.

यूजीसीनं २०१२ साली नियम केले. कॉलेजात समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा. ते अमलात आणा म्हणून २०१९ साली दोन आया सुप्रीम कोर्टात गेल्या. रोहित वेमुलाची आई आणि पायलची आई. पोरं गमावलेल्या आयांनी कोर्टाला नियम वाचून दाखवायचे, असला हा देश!

आम्हाला दया नको, भाषणं नकोत. तोंडी परीक्षेत नाव-आडनाव बंद करा, नुसता नंबर ठेवा. कुणाला किती केसेस दिल्या त्याचं रजिस्टर भिंतीवर लावा. तक्रार ऐकणाऱ्या समितीत बाहेरची माणसं घ्या, दलित-आदिवासी घ्या. ज्याच्यावर तक्रार आहे त्यालाच न्यायाधीश करू नका. निकालाला तारीख लावा. आणि तक्रार केली म्हणून पोरीची बदली नको, त्रास देणाऱ्याची करा.

आमच्या खराडीच्या नदीपलीकडं मुंढवा. १८९७ च्या प्लेगात तिथल्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलं नि डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात नेलं. त्याच प्लेगनं १० मार्चला त्या गेल्या. पोर पाठीवर घेताना त्यांनी जात विचारली नाही. पाठीवर वजन म्हणजे काय, ते मला कळतं. रँक विचारणाऱ्यांना कळणार नाही.

मी बहिणीला सांगितलं, "बाय, आडनाव बदलायचं नाही. कोटावर मोठ्या अक्षरात लाव. परत जा. टेबल रिकामं झालं तर पाय पसरून जेव. आणि त्रास झाला तर गिळू नकोस, लिही. तारीख, वेळ, नाव. एकटी नाहीस तू, आम्ही गेटवर येतो."

येणार ना, दोस्त हो?

जय भीम.