बकऱ्याने साथ हटत नाही

आपल्या सीमाभागात पटकीची साथ आली की मरीआईला बकरे द्यायची रीत होती. साथ ऐन भरात असताना ते कापले जाई. भरात आलेली साथ पुढे ओसरतेच. श्रेय मात्र बकऱ्याला मिळे. या रिवाजाचे खरे क्रौर्य सुरीत नव्हते. बळी दिला की गावाचे समाधान होई, विहिरीतली घाण कोणी उपसत नसे आणि पुढच्या साथीत पुन्हा लेकरे जात. आपण हे मागे टाकले म्हणतो. आपल्या कडोली गावात तर साहित्य संमेलनही भरते. पण जून २०२४ मध्ये भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना काढल्याची बातमी आली, तेव्हा भिजलेल्या छत्र्या हॉटेलच्या दाराशी टेकवून आपण काय म्हणालो? ‘सुटलो एकदाचे!’ त्या आवाजात माझाही आवाज होता.

टीव्हीवरचे जाणकार आपल्याला जे पढवतात ते जरा उलगडून पाहा. संघ हरतो, म्हणून प्रशिक्षक वाईट. प्रशिक्षक वाईट, म्हणून संघ हरतो. नवा जिंकला तर बदल योग्य होता, हरला तर त्यालाही बदला. स्टिमाचनंतर मनोलो मार्केझ आले आणि आठ सामन्यांत एकच विजय मिळवून जुलै २०२५ मध्ये गेले. मग खालिद जमील आले. सप्टेंबरात त्यांच्या संघाने ओमानला नमवले तेव्हा आपण ‘बघा!’ म्हणालो, ऑक्टोबरात फातोर्ड्यावर सिंगापूरने २-१ असे हरवून आशिया चषकाचे दार बंद केले तेव्हा आपण माना खाली घातल्या. त्याच वर्षी देशाची मुख्य लीगही वेळेवर सुरू झाली नव्हती. त्या विहिरीत कोणी डोकावले?

याउलट जुनी गोष्ट पाहा. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम तरीही राहिले. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघ चौथा आला, १९६२ मध्ये जकार्तातल्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळाले. आजच्या आपल्या न्यायाने रहीम हेलसिंकीहून परतताच घरी बसले असते. (एका रहीमांवरून कोणालाच काढू नये असा नियम मी करीत नाही, तसे केले तर मीही त्याच जाणकारांच्या पंगतीत बसेन.)

पुढचा पराभव होईल, आपण त्याच हॉटेलात जमू. कोणी ‘काढा त्याला’ म्हणाला की शेजारच्याने एवढेच विचारावे : आणायचा कोणाला, तो वेगळे काय करील, आणि आपल्या गावातल्या दहा वर्षांच्या पोराला आज चेंडू अडवायला कोण शिकवतो? चहा गार होईल. होऊ दे.