चेहरा काढायचा म्हणजे

या आठवड्यात ‘पोर्ट्रेट्स ऑफ करेज’ पुन्हा चाळलं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचं २०१७ सालचं हे चित्रांचं पुस्तक. ६६ व्यक्तिचित्रं आणि चार फलकांचं एक मोठं चित्र मिळून ९८ सैनिक, आणि प्रत्येकाची हकिगत बुश यांनीच लिहिलेली. कुणाचा पाय गेलाय. कुणी धडधाकट परतलाय, पण रात्रीची झोप तिकडेच राहिलीय. बुश यांनी साठी उलटल्यावर ब्रश हाती घेतला, तोही चर्चिल यांचा चित्रकलेवरचा निबंध वाचून. रंगाचे थर जाड आहेत, हात कधी अडखळतो, पण डोळ्यांपाशी माणूस रेंगाळलाय हे कळतं. बुश यांनी छेडलेलं इराकचं युद्ध चुकीचंच होतं, आणि ही चित्रं ते पुसत नाहीत. तरीही मला ती मोलाची वाटतात. फोटो क्षणात निघतो. चेहरा रंगवायचा तर त्याच्यासमोर तासन्‌तास बसावं लागतं. ज्याच्या हुकमानं पोरं लढायला गेली, त्यानं एवढं तरी बसलंच पाहिजे. आमच्या साताऱ्याकडे घराघरांत फौजी आजोबांचा हातानं रंग भरलेला फोटो असतो, गालांवर गुलाबी छटा, छातीवर पदकं. आमच्याही आजोबांचा होता. दर दसऱ्याला आम्ही त्याला झेंडूची माळ घालायचो. पदक कशाचं, हे मात्र आजोबा होते तोवर कुणी विचारलंच नाही.