बाळगोपाळांची पुळण

आपल्या रायगड जिल्ह्यातच खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका हे भव्य मनोरंजन-उद्यान सुरू झाल्यापासून, आणि त्याही आधी १९८९ साली गोराईच्या एस्सेल वर्ल्डने पायंडा पाडल्यापासून, सुटीत मुलांना कोठे न्यावयाचे या प्रश्नाचे एक ठराविक उत्तर मध्यमवर्गीय कुटुंबांत रूढ झाले आहे; आणि पर्यटनवृद्धीचा विषय निघाला की मुरुडलाही असे काहीतरी व्हावे, असे कळकळीने सांगणारी मंडळी भेटतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांपुरती ती सूचना विचारार्ह असेलही. परंतु ज्याला नुकते कोठे धावता येऊ लागले आहे अशा दोन-अडीच वर्षांच्या बालकाचा विचार केला, तर माझे मत या सूचनेस सर्वस्वी प्रतिकूल आहे.

मुली मेरी-गो-राउंडवर फिरत असताना आपण बाकावर नुसते बसून राहत असू, तेव्हा आईबाप आणि मुले यांना एकत्र रमता येईल असे एखादे स्थळ असावे, ही कल्पना मनात आली, असे वॉल्ट डिस्ने यांनी सांगून ठेवले आहे. त्या कल्पनेतून १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उभे राहिले. कल्पना निःसंशय उदात्त होती. परंतु अशा उद्यानांतील मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ती असलीच पाहिजे. परिणामी बाप रांगेत उभा आणि आई पेंगुळलेल्या मुलाला कडेवर घेऊन सावली शोधत बाहेर, अशी कुटुंबाची फाळणी होते. छोट्यांसाठी राखून ठेवलेले खेळ तेथे असतात, हे मान्य; पण त्या वयाच्या मुलाला खेळ मिनिटा-दोन मिनिटांत संपवून पुढच्याकडे नेले जाणे रुचत नाही, तेच ते पुन्हा पुन्हा करण्यातच त्याचा जीव रमतो, आणि कर्कश संगीत, दुपारचे ऊन व चुकलेली झोप यांनी ते सायंकाळपर्यंत पार कोमेजून जाते.

याउलट मुरुडच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी काय घडते ते पाहावे. पाणी मागे सरले की ओल्या वाळूत हरभऱ्याएवढी भोके दिसू लागतात आणि प्रत्येक भोकाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी उमटते. इवलासा खेकडा तोंडाशी वाळू नेऊन तिच्यातील सूक्ष्म अन्न तेवढे काढून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतो. माझा नातू तेथे उकिडवा बसतो, बोट पुढे करतो, खेकडा क्षणार्धात बिळात नाहीसा होतो, आणि ‘आजोबा, कुठे गेला?’ हा प्रश्न तो दर वेळी तितक्याच नवलाने विचारतो. समोर समुद्रात शिवछत्रपतींचा पद्मदुर्ग उभा असतो. त्याच्याकडे पाहण्यास त्याला फुरसत नसते, आणि त्या वयात ती नसावी हेच योग्य.

हे माझे आजोबापणाचे कौतुक नव्हे. १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथे ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा परदेशी पद्धतीची महागडी साधने बाजूला सारून शंख, शिंपले, बिया, पाने आणि खडे यांवरच त्यांनी भिस्त ठेवली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या विचारातून अंगणवाडी जन्मास आली, आणि अनुताई वाघांनी ते व्रत आयुष्यभर चालविले. बालकाची जिज्ञासा जागविण्यास लागणारी सामग्री कोकणच्या किनाऱ्यावर विनामूल्य पसरलेली आहे, हे या दोघींनी कृतीने सिद्ध केले.

मात्र ही सामग्री जपण्याचा बंदोबस्त आपण केला पाहिजे. ज्या वाळूवर रांगती-धावती मुले बसतात तिच्यावरूनच मोटारी आणि भाड्याच्या चारचाकी फटफट्या भरधाव धावाव्यात, ही वहिवाट कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. तिने खेकड्यांची बिळे चिरडतात आणि आईबापांना क्षणभर स्वस्थता लाभत नाही. समुद्राशी गाठ आहे याचेही भान हवे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी याच किनाऱ्यावर बुडाले. ते तर जाणत्या वयाचे होते.

म्हणून नगरपरिषदेस माझी आग्रहाची विनंती अशी की, नव्या पाळण्यांच्या दरखास्तींचा विचार करण्यापूर्वी तिने पुळणीचा एक पट्टा केवळ लहान मुलांसाठी राखावा, तेथे वाहनांना सक्त मनाई करून तिचा अंमल करावा, सुरूच्या सावलीत बाके, पाय धुण्यास गोड्या पाण्याचा नळ आणि तान्ह्या मुलास पाजण्यासाठी आडोसा यांची तरतूद करावी, जीवरक्षक नेमावेत आणि भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक रोजच्या रोज लिहावा. ती वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तोवर मुले घेऊन येणाऱ्या मंडळींनी एकदऱ्याच्या किंवा राजपुरीच्या कोणत्याही कोळ्याला विचारावे. तो ती बिनचूक सांगेल.